वाघ्यासह निमाडात

माळव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या रात्रींचा अभिमान असतो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र ही वाखाणणी आमच्या पिढीने शाळेची पायरी चढण्यापूर्वीच ऐकलेली आहे. दिवसभर ऊन कितीही तापो, दिवेलागणीनंतर पठारावर वारा सुटतो आणि गच्चीवर टाकलेल्या अंथरुणाला पहाटे चादर लागते. परंतु हे सुखाचे पठार दक्षिणेकडे विंध्याच्या कड्यापाशी एकाएकी संपते. खाली नर्मदेचे खोरे पसरलेले असते आणि तेथून निमाड सुरू होतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, महेश्वर जेमतेम दीडशे मीटरवर. दोहोंमधील अंतर मात्र अवघे नव्वद किलोमीटरच्या आसपास. हजार मीटर उतरले की हवा साडेसहा अंशांनी तापते हा भूगोलाचा नियम आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या हिशेबाने चारशे मीटरला अडीच अंशांचाच फरक पडावा. पण एका बाजूस विंध्य आणि दुसऱ्या बाजूस सातपुडा असल्याने निमाडातील उष्मा जणू परातीत साठून राहतो. मे महिन्यात वर्तमानपत्रांतून अतिउष्ण गावांची यादी येते, तीत खरगोन आणि खंडवा ही नावे नेहमीचीच असतात.

अशा या निमाडात, ऐन वैशाखात, एक कुत्रा बरोबर घेऊन आणि चाकांवरच्या घरात राहून आम्ही तीन दिवस काढले. त्याची हकीकत येथे सांगण्यास कारण आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे प्रवास, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. कोणी जेजुरीला जातो, कोणी तुळजापूरला, कोणी कोल्हापूरला. कुलदैवताचे दर्शन आणि नातलगांच्या गाठीभेटी मे महिन्यातच व्हावयाच्या. पूर्वी वाड्यात चार बिऱ्हाडे असत. कुत्र्यामांजरांना भाकर-दूध घालण्यास कोणीतरी मागे उरेच. आता घरे लहान झाली, माणसे मोजकी झाली, आणि घरातील मुका जीवही प्रवासाचा सोबती झाला. त्यातच फिरत्या घरांची, म्हणजे ज्यांना मोटरहोम किंवा कॅराव्हॅन म्हणतात त्यांची, आवड वाढू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांवर ही वेळ येणार, हे उघड आहे.

आमच्या पुतण्याने एका प्रवासी टेम्पोचे असे घर करून घेतले आहे. आत चौघांपुरते बिछाने, ओटा, पाण्याची टाकी, टपावर उष्ण हवा बाहेर फेकणारा पंखा आणि एक एसी. २०२४ च्या मे महिन्यात, १३ तारखेच्या लोकसभा मतदानाचे काम आटोपून आम्ही शाळेच्या किल्ल्या जागच्या जागी ठेवल्या, आणि त्याने आग्रह धरला : "काका, नवतपा लागण्याआधी महेश्वर-मांडू करून येऊ." रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की नऊ दिवस जो दाह होतो त्याला आमच्याकडे नवतपा म्हणतात, तो साधारण २५ मे रोजी लागतो. निघालो ते पुतण्या, सूनबाई, त्यांची दहा वर्षांची कन्या, आमच्या सौभाग्यवती, आम्ही आणि वाघ्या. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा हा असायचाच. त्या नात्याने वाघ्या हे नाव. जातीने लॅब्रॅडोर, रंगाने काळा, वय नऊ. म्हणजे कुत्र्यांच्या गणनेत निवृत्तीच्या उंबरठ्यावर, जवळजवळ आमच्याच इयत्तेतला.

या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रकिनाऱ्यावर कोळ्यांबरोबर वावरणारे. अंगावर केसांचा दुहेरी थर; वरचा राठ, आतला मऊ आणि दाट. थंड पाण्यासाठी निसर्गाने शिवलेला हा अंगरखा घालून बिचाऱ्याला निमाडच्या उन्हात उतरावयाचे होते. केस मुळापासून कापून टाकावेत, असे एका शेजाऱ्यांनी सुचविले. परंतु तो थर ऊन थेट कातडीला लागू देत नाही, म्हणून नुसते विंचरून मोकळे केस काढावेत, असा पशुवैद्यांचा सल्ला पडला, आणि तो सूनबाईंनी तंतोतंत पाळला.

पहाटे साडेचारला इंदूर सोडले. महूला, ज्याचे अधिकृत नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर झाले आहे, चहा झाला. तेथून आग्रा-मुंबई महामार्गाने न जाता मंडलेश्वरकडे जाणारी जुनी वाट आम्ही मुद्दाम धरली. या वाटेवर विंध्याच्या अगदी कडेला जाम दरवाजा उभा आहे. अहिल्याबाई होळकरांनी तो १७९१ मध्ये बांधविला. दरवाजाच्या अलीकडे माळवा, पलीकडे निमाड. वरच्या मजल्याच्या गवाक्षातून पाहावे तो डोंगराच्या सोंडा एकामागून एक खाली उतरत गेलेल्या, आणि दूर धुक्यासारखी धुरकट पट्टी दिसते. ते धुके नसून तापू लागलेल्या खोऱ्यावरची धूळ असते. सकाळचे सहा वाजले होते. वारा थंड होता. वाघ्याने दरवाजाभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि माळव्याच्या हद्दीत शेवटची वामकुक्षी करावी तसा दगडावर आडवा झाला. पुतण्याच्या उष्णतामापकात २६ अंश दिसत होते.

कुत्र्याच्या देहाची रचना येथे थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यातच साऱ्या सावधगिरीचे मूळ आहे. माणसाला सर्वांगावर घाम येतो. कुत्र्याला तो बहुतांशी पंजांच्या गाद्यांतूनच येतो, आणि त्याने शरीर निवत नाही. त्याची सारी भिस्त धापांवर. जीभ, तोंड आणि श्वासमार्ग यांवरील ओलाव्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्या घरचा माठ ज्या रीतीने पाणी गार करतो तीच ही रीत. पावसाळ्यात माठाचे पाणी गार होत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवाच ओली असली तर पाझरलेल्या पाण्याची वाफ होणार कशी? बंद गाडीत कुत्र्याच्या स्वतःच्या धापांनीच हवा ओली होत जाते. म्हणजे ज्या उपायाने तो जगू पाहतो, तोच उपाय त्या कोंडलेल्या जागेत घटकाघटकाला निकामी होत जातो. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; ते १०५-१०६ च्या पुढे गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी यांना इजा पोचू लागते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींचा श्वासमार्गच आखूड आणि दाटलेला. त्यांचे हाल आणखी लवकर होतात. वृद्ध आणि स्थूल प्राण्यांचेही तेच.

गाडी तापते ती काचांमुळे. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, आसने आणि फरशी तापतात. त्यांच्यातून निघणारी उष्णता काचेतून बाहेर पडू शकत नाही आणि कोंडलेली हवा बदलत नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी ४० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे २२ अंश सेल्सियसने वाढते, आणि त्यातली चार-पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते. काचा दोन बोटे उघड्या ठेवल्याने त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. भाजी घेऊन येण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात घात होतो.

घाट उतरताना मापकाचा आकडा आमच्या डोळ्यांसमोर चढत गेला. मंडलेश्वरला तो ३१ वर होता, आणि आठाच्या सुमारास महेश्वरात शिरलो तेव्हा ३३ वर. वाटेत पुतण्याने एक गोष्ट दाखविली, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एसीची गार हवा बसलेल्या माणसाच्या छातीशी लागते. कुत्रा निजतो फरशीवर. फरशीच्या ज्या भागाखालून इंजिनाचा धूर वाहून नेणारी नळी जाते तो भाग तव्यासारखा तापलेला होता. आपल्याला गार वाटते म्हणून त्यालाही वाटत असेल, असे गृहीत धरू नये. खाली वाकून हात लावून पाहावा. वाघ्याची सतरंजी तत्काळ तेथून हलविण्यात आली.

महेश्वरास एका विश्रामगृहाच्या आवारात, व्यवस्थापकांच्या संमतीने, गाडी उभी करावयाची होती. जागा निवडण्यात आमचा भूगोल कामी आला. महेश्वर २२ अक्षांशाच्या किंचित उत्तरेस आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य तेथे डोक्यावरून अवघा दोन अंश ढळलेला असतो. सकाळी ज्या भिंतीची ऐसपैस सावली पाहून आपण हुरळून जातो, तिची साडेबाराच्या सुमारास वीतभरही सावली उरत नाही. मध्यान्हीची सावली वृक्षाचीच. त्यातही वृक्ष ओळखता आला पाहिजे. पळस, साग हे वैशाखात उघडे असतात. कडुनिंब, चिंच, आंबा, वड यांना मात्र दाट पालवी असते. आवारात एक जुना कडुनिंब होता. गाडी त्याखाली, पुढची काच उत्तरेकडे करून, उभी केली. काचांवर चकचकीत पडदे बाहेरून लावले, कारण आतून लावलेला पडदा ऊन अडवतो ते काचेच्या आत शिरल्यावर. ज्या बाजूने वारा येत होता त्या खिडकीला सूनबाईंनी वाळ्याचा पडदा भिजवून बांधला. वाळ्याचा तो गंध येताच आमच्या लहानपणीच्या दुपारी आठवल्या. विजेची तार विश्रामगृहातून घेतली आणि एसी सुरू झाला.

दुपारी किल्ल्यातील वाडा आणि हातमाग पाहून यावे, असे ठरले. प्रश्न वाघ्याचा होता. पुतण्याने हसून एक छोटे यंत्र दाखविले. गाडीतले तापमान ठरावीक आकड्यापुढे गेले की ते मोबाइलवर निरोप धाडते. "मग माणसाने थांबायची गरजच काय, काका?" आमच्या सौभाग्यवतींनी प्रतिप्रश्न केला, "अरे, निरोप येईल; पण निरोप वाचणारा तेव्हा किती लांब असेल?" त्यावर कोणालाच उत्तर सुचले नाही. प्रत्येक वेळी एकाने मागे थांबावे, पाळी लावून घ्यावी, असा निर्णय झाला. पहिली पाळी आमची.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. गावाची जाते तशी गेली. आवाज नाही, सूचना नाही. एसीची घरघर थांबली इतकेच. गाडीत बॅटरी होती, पण तिच्यावर दिवे आणि पंखाच जोडलेले होते, आणि ते योग्यच होते. हिशेब सोपा आहे : बारा व्होल्टची, २०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर २४०० वॅट-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढणे बरे नव्हे. बाराशे वॅटचा एसी तिच्यावर चालला तरी जेमतेम तासभर चालणार. टपावरचा पंखा फिरत राहिला. परंतु बाहेर सावलीत ४३ अंश असताना त्याने आत ओढली ती ४३ अंशांचीच हवा.

आम्ही दार उघडून वाघ्याला खाली उतरविले, झाडाच्या बुंध्याशी नेले, आतला गारवा शक्य तितका टिकावा म्हणून दार लावून घेतले आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवले. पहिली काही मिनिटे तो बरा होता. मग धापांची गती वाढली. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ चिकट झाली, ओठ उचलून पाहिले तर हिरड्या गडद लाल दिसल्या. आणि उठून दोन पावले टाकताना त्याचे मागचे पाय लटपटले. पाणी पुढे असूनही तो पिईना. नऊ वर्षे दारात शेपूट हलवणारा जीव आमच्याकडे पाहत होता आणि त्याला काही सांगता येत नव्हते. त्या क्षणी छाती धडधडली, हे लपविण्यात अर्थ नाही.

आवाराच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध गवळी म्हशींना हापशावर पाणी पाजीत होता. त्याने हा प्रकार पाहिला आणि न बोलावता भरलेली बादली घेऊन आला. आम्ही डोक्यावर पाणी ओतणार तोच म्हणाला, "बाबूजी, सिर बाद में. पहले पेट और पाँव." पोट, जांघा, काखा, पंजे, जेथे केस विरळ आणि रक्त कातडीजवळून वाहते तेथे त्याने पाणी ओतण्यास सुरुवात केली. आम्ही वर्तमानपत्राची घडी करून वारा घालू लागलो. एक बादली संपली, दुसरी आली, मग तिसरी. ओला टॉवेल पांघरून ठेवावा असे मनात आले होते. पण टॉवेल लवकरच कोमट होतो आणि आतली उष्णता आतच धरून ठेवतो, हे पुतण्याने प्रवासापूर्वी बजावले होते. वाहते पाणी आणि वारा हाच खरा उपाय. तोंडात जबरीने पाणी घालावयाचे नाही, तेही तसेच. वीस मिनिटांनी धापा मंदावल्या. वाघ्याने मान उचलली, भांड्यात तोंड घातले आणि चपचप पाणी पिऊ लागला. गवळीबाबा रिकामी बादली घेऊन म्हशींकडे वळला. त्याला काही देऊ केले तर त्याने हात जोडून मान हलविली.

मंडळी सव्वादोनच्या पुढे परतली, ती धावतच. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींत मोबाइलला संपर्क मिळाला नव्हता. बाहेर पडल्यावर सारे निरोप एकदम आले. यंत्राने बंद गाडीतील तापमानाची नोंद ठेवली होती. एक वाजून दहा मिनिटांनी २६ अंश, एक वीसला ३०, एक चाळीसला ३५ आणि दोन वाजता ३९. तेही दाट सावलीत, पडदे लावलेले आणि पंखा चालू असताना. पुतण्याने ते आकडे दोनदा वाचले आणि काही न बोलता वाघ्याच्या शेजारी मातीत बसला. त्या दिवसानंतर पाळीविषयी कोणी वाद घातला नाही.

संध्याकाळी वाड्यात आम्ही अहिल्याबाईंच्या गादीपुढे हात जोडले. १७६७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर त्यांनी महेश्वर ही राजधानी केली आणि १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत येथूनच राज्य केले. त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी २०२५ मध्ये साजरी झाली. देशभरच्या घाटांची, मंदिरांची, धर्मशाळांची यादी तेव्हा पुष्कळांनी वाचली असेल. आम्हांला त्या संध्याकाळी आठवले ते वेगळे. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने बाईंच्या पश्चात मध्य हिंदुस्थानाचा वृत्तान्त लिहिला. तो १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तो सांगतो, की उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी बाईंनी रस्तोरस्ती माणसे नेमली होती. पुढे तो असेही नोंदवितो, की महेश्वराभोवतीच्या शेतांत नांगरटीस जुंपलेले बैल भर उन्हात थांबवून बाईंचा सेवक त्यांना पाणी पाजीत असे. शेतकऱ्यांनी हाकललेल्या पाखरांसाठी त्यांनी उभी पिके विकत घेऊन मोकळी सोडली होती. आणि नदीतील माशांनाही अन्नाचा वाटा ठरलेला होता. बैल थांबवावयाचा, हे त्यातले महत्त्वाचे. पाण्याचा हौद बांधून दिला की दानधर्म पुरा होतो. पण जुंपलेल्या बैलाला हौदाकडे जाता येत नाही. त्याच्यापर्यंत माणसाने चालत जावे लागते. दुपारचा गवळी बादली घेऊन आला तेव्हा, आपण कोणाची परंपरा चालवीत आहोत, हे त्याच्या मनातही नसेल.

महेश्वराचे घाट वैशाखात सूर्यास्तानंतरच पाहावेत. दिवसभर तापलेले दगड संध्याकाळी सातलाही चटका देतात. तळहाताची उलटी बाजू सात सेकंद दगडावर ठेवून पाहावी. आपल्याला सोसवले नाही तर कुत्र्याच्या पंजांनाही ते सोसणार नाही. त्याच्या पायात आपल्यासारखी चप्पल नसते, एवढे आठवले तरी पुरे. साडेआठाला आम्ही उतरलो. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. नर्मदेचे पात्र चांदण्यात रुपेरी झाले होते आणि किल्ल्याचे बुरूज पाण्यात उलटे उभे होते. वाघ्याला साखळी न सोडता शेवटच्या पायरीवर उभे केले, कारण वरच्या धरणांतून पाणी सोडले की पातळी वाढते. पोटापर्यंत पाण्यात उभा राहून तो बराच वेळ पैलतीराकडे पाहत राहिला. आमच्या नातीने विचारले, "आजोबा, याला नर्मदा कळते का?" आम्ही म्हटले, "गार पाणी कळते, तेवढे पुष्कळ."

तिसऱ्या दिवशी पहाटे धामनोदवरून पुन्हा विंध्य चढून मांडूस गेलो. मांडू सहाशे मीटरांहून उंच आहे. चढताच हवेत फरक जाणवतो. येथील खुरासानी चिंचेचे, म्हणजे गोरखचिंचेचे, महाकाय बुंधे प्रसिद्धच आहेत. परंतु मे महिन्यात ती झाडे निष्पर्ण असतात. त्यांच्या घेराला भुलून कोणी खाली गाडी उभी केली तर डोक्यावर केवळ फांद्यांचे जाळे मिळेल. जुन्या सुलतानांनी मात्र उन्हाळ्याशी उत्तम तह केला होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ग्यासुद्दीन खल्जीच्या काळचा म्हणून सांगितला जाणारा जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये उभा आहे, आणि जवळच्या चंपा बावडीच्या तळाशी विहिरीच्या पाण्याने गार राहणारी तळघरे आहेत. पाणी, जाड भिंत, खोली आणि वाहती हवा. विजेवाचून थंडावा आणण्याची सारी सूत्रे तेथे पाहावयास मिळतात.

वाघ्याला मात्र ती पाहता येणार नव्हती. संरक्षित स्मारकांच्या आवारात प्राणी नेण्यास १९५९ च्या नियमांनुसार मनाई आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून तेथेही पाळी लागली. आम्ही जहाज महाल पाहिला, तेव्हा सौभाग्यवती आंब्याखाली वाघ्याजवळ बसल्या. त्या चंपा बावडी पाहून आल्या, तेव्हा आम्ही बसलो. रूपमतीचा मंडप आमचा राहूनच गेला. अकरा वाजता मापकाने ३८ दाखविले, तेव्हा पुतण्याने सांगितले की आता पुढे काही नाही. आणि कोणी हट्ट धरला नाही. नर्मदेचे दर्शन आदल्या रात्री चांदण्यात झालेच होते; मंडपातून ते दुरून घडावयाचे राहिले, इतकेच.

मे महिन्यात कुत्र्यासह बाहेर पडणाऱ्या वाचकांसाठी आमच्या अनुभवाचे सार सांगतो. शक्य असेल तर प्रवास कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत ठेवावा. कुलदैवत तेव्हाही देवळातच असते. मे टळत नसेल, तर पहाटे निघून दहापूर्वी मुक्काम गाठावा आणि सूर्यास्तापर्यंत हलू नये. बैलगाडीने प्रवास करणारे आपले पणजोबा दुपारी सावलीत गाडी सोडीत आणि रात्री चालत, ते अडाणी नव्हते. निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नये. मुख्य जेवण रात्री द्यावे. पिण्याच्या पाण्याखेरीज अंगावर ओतण्यासाठी वीस लिटरचे भांडे वेगळे भरून ठेवावे. मुक्कामाच्या गावी पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे हे पोचताच विचारून ठेवावे. उन्हाचा झटका आला तर तेथे धावण्यापूर्वी प्राण्याला जागीच पाणी ओतून थंड करावे, आणि मग न्यावे. तो सावरलेला दिसला तरी न्यावेच, कारण आतली इजा वरून दिसत नाही. आम्हीही त्याच संध्याकाळी वाघ्याला दाखवून आणले. पशूंना यातना होतील अशा रीतीने वाहनातून नेणे हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ठाऊक असावे. मात्र घरच्या जिवासाठी कायद्याचा धाक लागू नये.

यंत्रे घ्यावीत, पंखा, एसी, मापक सारे उपयोगी आहे. वीज असते तोवर ती चाकरी करतात. पण गाडीपाशी एक माणूस थांबलेला असावा, आणि त्या माणसाने स्मारक पाहण्याचे राहिले म्हणून हळहळू नये. घरात जर कोणी थांबण्यास तयार नसेल, तर कुत्र्याला नातलगांकडे ठेवून जाणे हाच त्याच्यावरचा खरा लोभ होय. मांडूहून आम्ही ऊन कलल्यावर निघालो आणि धारवरून रात्री दहाला इंदुरात पोचलो. पठारावर वारा सुटला होता. वाघ्या खिडकीशी नाक लावून तो वारा घेत होता, आणि पुतण्याने एसी बंद केला होता.